मृगाचा बहार

इंझोरी, ६ मे

चि. राधिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. फोनवर मला आता निम्मंच ऐकू येतं, म्हणून हे पत्र. तुझी आई म्हणते की पोरगी गोव्यात बसून समुद्राचा ताप मोजते, पण मायले बरं आहे का ते काहून विचारत नाही. तिला काही झालेलं नाही, रुसली आहे.

संत्र्याचं पाणी तोडलं. नेहमीप्रमाणे झाडांना ताण दिला आहे. पानं सुकून गळाली की मृगाच्या पावसावर बहार फुटेल. मंगरूळपीरचे व्यापारी फुरकानभाई बाग पाहून गेले, फळं मीच घेणार म्हणाले. तू खारं पाणी कितीही मोज, ही बाग मी तुझ्यासाठीच राखतो आहे.

जीव लावून आहेस तशीच राहा.
तुझे बाबा, रंगराव


गोवा, १७ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. आईचा रुसवा कबूल. पण आधी हे वाचा, आणि झाडांना लगेच पाणी सोडा. थट्टा नाही.

प्रशांत महासागरातले वारे एरवी वरचं तापलेलं पाणी पश्चिमेकडे, आशियाच्या बाजूला लोटून धरतात. यंदा ते मंदावलेत आणि ते पाणी अमेरिकेकडे परत सरकलं आहे. पाणी तापलेलं असतं तिथे ढग चढतात, त्यामुळे तेही तिकडेच चाललेत. आपल्यावरची हवा मात्र खाली दबते आणि पाऊस धरू देत नाही. प्रत्येक वेळी दुष्काळ पडतोच असं नाही, हेही खरं. पण आपली जमीन मुरमाड, आणि ताणावरचं झाड फार वाट पाहू शकत नाही. विहिरीत आहे ते पाणी थोडं थोडं देऊन झाडं जगवा. यंदाचा बहार जाऊ द्या.

मला भीती वाटते आहे, बाबा. माया असू द्या.
तुमची, राधिका


इंझोरी, २ जुलै

चि. राधिकास,
आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि ऐकलं नाही. दुष्काळ पडतोच असं नाही, तेवढंच धरून बसलो.

मृगात आभाळ भरून आलं, गार वारा सुटला. आता कोसळणारच म्हणून मी मोटर लावली आणि अख्खी विहीर बागेत रिकामी करून ताण फोडला. बाग अशी फुलली की धनजला तुझ्या मावशीपर्यंत वास गेला असेल, असं आई म्हणाली. पुढे थेंब नाही. फुलं झडली, कोवळी पालवी करपली, फांद्या शेंड्याकडून वाळत आहेत. टँकर पिण्यापुरताच येतो. आई भांडी धुतलेलं पाणी एका झाडाला घालते. एवढ्यानं काय होणार, असं मी म्हणालो, तर मले मालूम आहे, तुमी बोलू नका म्हणाली.

तुझा राग आला होता, तुझं खरं झालं म्हणून. आता तोही नाही. आमची आठवण ठेव.
बाबा


इंझोरी, २१ ऑगस्ट

चि. राधिकास,
आशीर्वाद. बाग तोडली. फुरकानभाई न बोलावता आले, मयतीला येतात तसे बांधावर बसून राहिले. तुझी आई आज जेवली नाही.

पुन्हा कलमं लावावी का, एवढंच लिही. या वेळी ऐकेन.
बाबा


गोवा, ३० ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. उत्तराला उशीर झाला, कारण कागद घेऊन बसत होते आणि उठत होते.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचं मी अदमासानं सांगू शकते. कलम फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात, आणि तेवढं लांबचं आमच्यापैकी कुणालाही दिसत नाही. समुद्र मात्र वर्षागणिक तापतो आहे, आणि पाऊस पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही. वाक्याला दुसरी बाजू जोडायची माझी सवय आहे, आज जोडत नाही. लावू नका, बाबा.

आणि मी परत येईन म्हणून लावणार असाल, तर मुळीच लावू नका. मी येणार नाही. हे फोनवर ओरडून सांगणं मला जमलं नसतं.

आईला जेवायला सांगा. माझ्यावरची माया कमी करू नका.
तुमची, राधिका