सपाट चमचा

रविवार, दि. ५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

१. अडीच महिन्यांपूर्वी तू नैसर्गिक अमिनो आम्लाची पावडर सुरू केलीस. डब्यावर लिहिलं आहे : शांत झोप, प्रसन्न मन.
२. पहिले दोन आठवडे काहीही फरक पडला नाही. हे तेव्हा तूच सांगितलं होतंस.
३. तिसऱ्या आठवड्यापासून गाढ झोप लागायला लागली.
४. परवाच्या गुरुवारी, दि. २ ला, सकाळी साडेदहा वाजता कारखान्यात कापड कापताना उभ्या उभ्या तुझा डोळा लागला. मशीनचं पातं डाव्या अंगठ्याच्या कडेने गेलं. चार टाके पडले.
५. गेल्या बावीस वर्षांत त्या मशीनवर तुला ओरखडाही आलेला नाही.

फोनवर तू हसून विषय बदलतेस, म्हणून हे लिहून काढलं. लिहिल्यावर दिसतं की घोळ दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. डब्यावर जे अमिनो आम्ल लिहिलं आहे ते मी ओळखते. ग्लायसिन. आमच्या प्रयोगशाळेत त्याची बरणी माझ्या टेबलापासून चार हातांवर असते. चवीला गोड, पाण्यात टाकलं की दिसेनासं होतं. काही जणांना त्याने थोडा आराम पडत असेलही, पण सकाळी साडेदहाला माणूस उभ्याने झोपेल एवढी ताकद त्याच्यात नाही.

डबे तुला प्रसन्नबाई देतात. त्या कारखान्यात हिशेबाला बसतात, घरून डबे विकतात आणि सतत हसतात, एवढीच मला त्यांची माहिती आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून विकलेल्या मालात गुपचूप झोपेचं औषध सापडल्याची दोन प्रकरणं आमच्याच टेबलावर येऊन गेली आहेत. मी आरोप करत नाही. तपासायचं म्हणते. आमच्या साहेबांची परवानगी घेतली आहे.

उघड्या डब्यातून तीन पुड्या पाठव. एक वरच्या थरातली, एक मधली, एक तळाची. चमचा लांब आणि कोरडा घे, डबा आधी हलवू नकोस. नवा डबा आणलेला असेल तर तो न उघडता पाठव. पुड्या बाबांकडून बांधून घे. चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यांच्या पुडीतून कण सांडत नाही.

तोवर ती पावडर घेऊ नकोस, असं सांगून उपयोग नाही हे मला माहीत आहे. तरी सांगते.

तुझी,
मुलगी


गुरुवार, दि. ९

चि. तपासनीसबाईंना अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं की पोलीस ठाण्यातून आलंय असं वाटतं. एक, दोन, तीन, चार. पाचवा मुद्दा तेवढा माझ्या कौतुकाचा, तो मी दोनदा वाचला. अंगठा ठीक आहे. रजा रविवार २६ पर्यंत, सोमवारी २७ ला पुन्हा मशीनवर. लग्नसराईचे सूट आलेत म्हणे आणि माझ्या जागी ज्याला उभं केलंय तो पोरगा पॅन्टीचे दोन्ही पाय डावेच कापतो.

आता तू प्रसन्नबाईंच्या मागे लागू नकोस. अगं, मावशी गेल्यापासून मी छताकडे बघत पडायची हे तू पाहिलंस का? तू तिकडे. डॉक्टरांनी मला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, ती चिठ्ठी मी दवाखान्याच्या दारातच तुझ्या बाबांच्या हातात दिली आणि फेकून द्या म्हटलं. माझ्या सख्ख्या बहिणीला त्या गोळ्यांनी खाल्लं. शेवटच्या वर्षी तिला मी कोण ते कळत नव्हतं. मी तेव्हाच ठरवलं, जागी मरेन पण ती गोळी जिभेला लावणार नाही. अशा वेळी प्रसन्नबाईंनी हा नैसर्गिक उपाय दिला. मन हलकं झालं गं माझं. सकाळी उठून मी खिडक्या पुसते. तुझे बाबा म्हणतात, काचा झिजतील.

आणि गोळी थोडीच आहे ही, की जास्त झाली तर बाधेल? गेल्या महिन्यापासून मी दोन चमचे घेते. कारखान्यातल्या काजबटणवालीलाही एक डबी भरून दिली. तिचं बाळ चार महिन्यांचं, अंगावर पितं, बिचारीची झोपच होत नाही. ती म्हणाली, काकू, तुम्ही देवासारख्या भेटलात.

तुझ्या तीन पुड्या पाठवतेय. लांब चमचा म्हणून उलथनं वापरलं, रागावू नकोस, कोरडं केलं होतं. तुझ्या बाबांना बांधायला सांगितलं तर म्हणाले पाठ धरलीय. म्हणून मीच बांधल्या. पोरीला कशाला कामाला लावतेस म्हणून माझ्यावरच कुरकुरले. एरवी पावडरीचं सगळं तेच बघतात. नवा डबा आला की कंपनीच्या डब्यातून आपल्या जुन्या काचेच्या बरणीत ओततात, ओल धरते म्हणे. मला नुसतं तोंड उघडायचं काम. माणूस म्हातारपणी एवढा प्रेमळ होतो हे आधी कळलं असतं तर लवकर म्हातारी झाले असते. बरणीत ओतलेल्या डब्याचं रिकामं खोकं आणि एक नवा बंद डबा, दोन्ही सोबत आहेत.

माया आहे तेवढीच ठेव, शंका तेवढी कमी कर.

तुझी,
आई


शुक्रवार, दि. १०

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने पार्सल पाठवल्याचं कळलं. तुझ्या कामाच्या जागी घरचं काम नेणं बरं दिसत नाही, म्हणून लिहितोय. साहेबांनी परवानगी दिली तरी माणसाने समजून वागावं.

शिवाय उलथन्याने काढलेला नमुना. तू स्वतः असा नमुना कोणाकडून घेतला नसतास. त्यावरून काही निघालंच तर ते ग्राह्य धरता येणार नाही, हे तुला मी सांगायला नको.

प्रसन्नबाईंवर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. आजकाल कोण कशात काय मिसळेल सांगता येत नाही. तेव्हा मी काल बरणी रिकामी करून धुऊन टाकली. विषय संपला. नवीन डबा आणला आहे, तो ती तसाच वापरेल. तिला यातलं काही लिहून घाबरवू नकोस. फार दिवसांनी ती हसते आहे.

पाठ आता बरी आहे. तुझ्या प्रकृतीला जप.

तुझे,
बाबा


मंगळवार, दि. १४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या नावाने कुरियरने पाठवते आहे, म्हणजे ते तुमच्याच हातात पडेल.

बंद डबा स्वच्छ निघाला. डब्यावर जे लिहिलं आहे तेच आत आहे. तिन्ही पुड्यांमध्ये ग्लायसिनच्या जोडीला झोपेचं औषध आहे. शिवाय त्या पाण्यात पूर्ण विरघळल्या नाहीत, तळाला पांढरं बसलं आणि आयोडीनचा थेंब टाकल्यावर ते निळं झालं. ग्लायसिन निळं होत नाही. गोळीत घालतात तो स्टार्च होतो. म्हणजे गोळ्या कुटून घातल्या आहेत. रिकाम्या खोक्यावरचा आणि बंद डब्यावरचा बॅच नंबर, म्हणजे घाणा क्रमांक, एकच आहे. एकाच घाण्यातला एक डबा स्वच्छ आणि एक नाही, तेव्हा गोळ्या डबा उघडल्यानंतर घरात पडल्या.

उलथन्याबद्दल तुमचं बरोबर आहे. मीही तसा नमुना परत पाठवला असता. पण मला आश्चर्य वाटलं ते उलथन्याचं नाही. वरच्या, मधल्या आणि तळाच्या पुडीत औषधाचं प्रमाण सारखं आहे. जवळपास नाही, सारखं. आकडे तीनदा काढले. एवढ्या मोठ्या बरणीत एवढंसं औषध कोणी चमच्याने ढवळलं असतं तर एक पुडी कडक आणि दुसरी कोरी निघाली असती. प्रसन्नबाईंना हे येणार नाही. आमच्याकडच्या नव्या मुलांनाही येत नाही.

मी सात वर्षांची असताना दवाखान्यात स्टुलावर उभी राहून खलात बघायची. तुम्ही सांगायचात, औषधाएवढीच पावडर घ्यायची आणि घोटायची. मग झालं तेवढीच आणखी. मग पुन्हा तेवढीच. घाई केली तर एका रोग्याला दोघांचं औषध जातं. माझ्या कामाची सुरुवात तिथे झाली, कॉलेजात नाही. या पुड्यांचा यंत्रातून तिसरा आकडा आला तेव्हा मी कागद उलटा ठेवून हात धुवायला गेले. तुमचं अक्षर ओळखावं तसं मी तुमचं काम ओळखलं होतं.

सपाट भरलेल्या एका चमच्यात बरोबर अर्धी गोळी येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीत काय होतं ते मी फोन करून विचारलं नाही, पण अर्धीच असणार. ती चिठ्ठी तुम्ही फेकली नव्हती. तुम्ही हिशोबात चुकला नाहीत, बाबा. तुम्ही चमचा सपाट धरलात. आई आयुष्यात कधी सपाट चमचा भरत नाही. साखर असो की मीठ, तिचा चमचा शिगोशीग, सपाट चमच्याच्या जवळजवळ दुप्पट असतो, आणि ‘नैसर्गिक आहे, बाधत नाही’ म्हणून ती दोन घेत होती. अर्ध्या गोळीच्या जागी जवळजवळ दोन. तीस वर्षं त्या स्वयंपाकघरात जेवूनही हे तुमच्या लक्षात आलं नाही.

ती पडून राहायची ते तुम्ही पाहिलंत, मी पाहिलं नाही. हे मी विसरलेले नाही. तुम्हाला काय करावं ते सुचलं नसेल हेही समजते. पण तिने जे सगळ्यात जास्त टाळलं तेच तुम्ही तिला तिच्या नकळत दिलंत, आणि अंगठ्याला पातं लागलं तेव्हा प्रसन्नबाईंवर ढकललंत. त्यांच्याबद्दल मीही वाकडं लिहिलं होतं, माझी माफी मी त्यांना स्वतंत्र कळवीन. तुम्हाला मात्र खरं माहीत होतं. पावडरीपेक्षा तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य मला जास्त लागलं.

काजबटणवालीची डबी मी काल आईला फोन करून परत मागवली. डब्याला ओल धरली आहे असं कारण सांगितलं. डबी आली, आणि सुदैवाने तिने त्यातलं दोनदाच घेतलं होतं. बाळाला दाखवून आणायला सांगितलं, बाळ ठीक आहे. हे मी आईशी बोललेलं पहिलं खोटं. दुसरं बोलणार नाही.

आई फोनवर म्हणाली की गुरुवारपासून तिची झोप पुन्हा उडाली आहे, हात थोडे कापतात, नव्या डब्यात दम नाही. मग हसून म्हणाली, तुझ्या पुड्यांची दृष्ट लागली. बाबा, अशी औषधं एकदम तोडायची नसतात हे तुम्ही दवाखान्यात लोकांना बजावून सांगायचात. हे पत्र मिळताच तिला घेऊन डॉक्टरांकडे जा. किती दिवस, किती दिलं, सगळं त्यांना सांगा. माझे आकडे सोबत जोडले आहेत. आणि तिच्यासमोर सांगा, तिला बाहेर बसवून नाही. पुन्हा काही मिसळू नका.

ती रागावेल. कदाचित काही दिवस तुमच्या हातचं पाणीही पिणार नाही. पण सोमवारी २७ ला ती पात्यासमोर उभी राहील तेव्हा आपल्या अंगात काय आहे आणि काय नाही हे तिला माहीत असायला हवं. गोळी घ्यायची की जागं राहायचं, ते तीच ठरवेल.

तुमच्यावरची माझी माया कमी झालेली नाही. सध्या विश्वास कमी आहे, म्हणून साध्या शब्दांत मागते. शनिवार दि. २५ पर्यंत मला तुमच्या अक्षरातलं उत्तर हवं, आणि त्याखाली आईची सही.

तुमची,
मुलगी