मला धरून वजन

३ डिसेंबर १९८६, बोरिवली
गाडी आली. चारकोपच्या शेडमधून हे स्वतः चालवत घेऊन आले आणि बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत लावली. ही शाळेची जुनी मिनी बस होती हे आता सांगूनही कुणाला पटणार नाही. आत पलंग, शेगडी, मोरी, कपाट, खिडक्यांना पडदे. चालतंफिरतं घर. गाडी बांधणाऱ्या इस्माईलमिस्त्रींनी रंग पोपटी दिलाय. मी क्रीम म्हटलं होतं. असो.

सगळी बिल्डिंग खाली. तळमजल्यावरच्या पाटीलबाई म्हणाल्या, "घर असताना बसमध्ये राहायला जाणार? वेड लागलंय का गं?" म्हटलं, लागलंय. यांनी एकतीस वर्षं बस चालवून लोकांना पोचवलं. मी बावीस वर्षं औषधाच्या कंपनीत पॅकिंगला काट्यावर बसून दुसऱ्यांचे खोके तोलले. आता आम्ही दोघं जाणार. आधी मालवण, मग खाली खाली, रस्ता संपेपर्यंत. संक्रांत झाली की निघायचं.

आमचा सतीश गॅलरीतून बघत होता. खाली आला नाही.

६ डिसेंबर
बोलला एकदाचा. "आई, लोक विचारतात, मुलाने बाहेर काढलं का म्हणून." म्हटलं, लोकांना सांग, आई स्वतः निघाली. मग, "बाबांचं वय बघ." मग, "रस्त्यात काय झालं तर?" सगळं करून झाल्यावर शेवटी खरं आलं. "आणि पिंकीला कोण बघणार?" मेधाची अंधेरीला नोकरी, पिंकी तीन वर्षांची. एवढा वेळ लोकांच्या तोंडून बोलत होता लबाड.

मेधा भाजी निवडत होती.

९ डिसेंबर
गाडीच्या दाराशी एक पत्र्याची पट्टी आहे, आकडे ठोकलेली. एकूण ५३००, पुढे १९००, मागे ३५००. यांना विचारलं. "ता कंपनीवाल्यांचा. आपणाक काय करूचा?" माझं डोकं त्या आकड्यांत अडकलं. १९०० आणि ३५०० मिळून ५४०० होतात, मग एकूण ५३०० कसे? बेरजेत चूक दिसली की मला जेवण जात नाही.

संध्याकाळी इस्माईलमिस्त्री आले तेव्हा पकडलं. म्हणाले, "भाभी, ती बेरीज नाही. पुढच्या चाकांना किती झेपतं ते वेगळं, मागच्यांना वेगळं, पूर्ण गाडीला वेगळं. तिन्ही सांभाळायचे. पण बघतो कोण? सगळे टोटल बघतात."

मी बघणार.

१२ डिसेंबर
भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर रिकामी गाडी नेली. काटेवाल्याने पूर्ण गाडीची पावती दिली, ४३२०. म्हटलं, आता नुसती पुढची चाकं काट्यावर, मग नुसती मागची. "बाई, असं कोणी करत नाय." म्हटलं, मी करते. पु. १४८०, मा. २८४०. (पु. म्हणजे पुढची चाकं, मा. मागची. दर वेळी एवढं कोण लिहिणार.)

म्हणजे एकूण ९८० कि. सामान भरता येईल. पण मा. ला फक्त ६६० ची जागा. आणि पलंग, मोरी, पाण्याची टाकी सगळं मागेच! यांना दाखवलं. "अगो, ऐंशी माणसां घेवन घाट चडयलंय मी. माका शिकव नको." ती बस केवढी, ही केवढी. पण एकतीस वर्षांपुढे माझं पाचवी पास गणित कोण ऐकतो.

२० डिसेंबर
दाराच्या चौकटीला ताणकाटा टांगलाय. गाडीत जाणारी प्रत्येक वस्तू आधी त्याला लटकते, मग माझ्या यादीत जाते. गाद्या, भांडी, स्टोव्ह, तांदळाचा डबा. पिंकीलाही लटकायचं होतं. लटकवली. तेरा किलो.

आज कडप्पा बसला. शेगडीखाली काळ्या कडप्प्याचा ओटा पाहिजे हा हट्ट माझाच. मिस्त्री प्लायवूड म्हणत होते. म्हटलं, लाकडावर सैपाक करायला मी काय हातगाडीवाली आहे? चौऱ्याऐंशी किलो. सुंदर दिसतो.

२७ डिसेंबर
पाणी भरलं. टाकी तीनशे लिटरची, काठोकाठ. त्यावर यांनी पन्नास लिटरचा ड्रमही भरून मोरीत ठेवला. मी तर कळशीही भरणार होते. आमच्याकडे पहाटे साडेचारला नळ येतो आणि पावणेसहाला जातो. बावीस वर्षं या बिल्डिंगीत राहतोय, रिकामं भांडं दिसलं की हात आपोआप नळाकडे जातो.

२८ डिसेंबर
भरलेली गाडी काट्यावर. काटेवाल्याची शिस्त अशी की आधी सगळ्यांनी गाडीतून उतरायचं. उतरलो. एकूण ५१८०. हे हसले. "बगलंस? एकशेवीस किलो बाकी." मी पु. आणि मा. करायला लावलं. पु. १४६०, मा. ३७२०.

मा. ला २२० जास्त. आणि पु. रिकाम्या गाडीपेक्षा वीस किलो कमी! सामान भरून पुढचं वजन कमी कसं होतं? काटा दोनदा तपासायला लावला, काटेवाला वैतागला. येताना नाक्यावर दूधवाला दिसला. मागच्या कॅरियरला दोन मोठे कॅन, आणि उतरताना सायकलचं पुढचं चाक उचललं गेलं. तिथेच उभी राहिले. मागच्या चाकांच्याही मागे वजन टांगलं की पुढचं उचलतं. आमची टाकी तर पार शेपटाला.

यांना सांगितलं. "टोटलात बसता ना? झाला तर मग."

३० डिसेंबर
आजचा दिवस विसरणार नाही.

सतीशने पावती मागितली. मला वाटलं बरं झालं, बापाला समजावेल. बँकेत आहे, आकडे नीट वाचतो. वाचलं आणि म्हणाला, "आई, यात तुम्ही दोघं कुठे आहात?"

खरंच नव्हतो. काट्यापाशी गाडीतून उतरलो होतो, आणि माझ्या यादीत चमचे, सुईदोरा, बामच्या बाटल्या सगळं होतं, आम्ही नव्हतो. मी! बावीस वर्षं काट्यावर बसलेली बाई स्वतःलाच धरायला विसरली. तसेच चपला घालून दोघंही स्टेशनवरच्या वजनाच्या मशिनवर गेलो. मी ६२, हे ७१. एकशेतेहतीस. म्हणजे ५३१३. आता टोटललाही तेरा जास्त.

सतीश हसत म्हणाला, "मग सोपंय. बाबांना एकटं जाऊ दे पंधरा दिवस मालवणला. तू राहा इकडे. बसते की गाडी वजनात."

मस्करी होती म्हणे. मी यांच्याकडे बघितलं. हे पेपर वाचत होते. वाचतच राहिले.

राग सतीशचा कमी आला. पेपराचा जास्त.

३१ डिसेंबर
जुनी यादी फाडली. नवी केली. सगळं पेन्सिलीने लिहिलंय, म्हणजे खोडता येईल. फक्त पहिली ओळ पेनने.

१. मी – ६२.
२. हे – ७१.

कपाटाच्या दारावर चिकटवली. कडप्पा, टाकी, ड्रम, गाद्या सगळे आमच्या खाली. ज्याला जागा उरेल तो येईल. सासरी आल्यापासून सगळ्यांना वाढून उरलं तर मी जेवले. पुरे झालं.

यांनी यादी वाचली. टाकी हलवू का विचारलं तर, "मिस्त्रीन विचार करूनच लायली हा." नाही लावली विचार करून. मागे पाइप जवळ पडतो म्हणून लावली.

१५ जानेवारी १९८७
संक्रांत गेली. निघालो नाही. जास्त वजनाने मी घाट उतरणार नाही, आणि हे टाकीला हात लावू देणार नाहीत. तिळगूळ घेतला, दिला. गोड काय बोलायचं ते बोलले नाही.

१७ जानेवारी
हळदीकुंकू गाडीत केलं! घरात बारा बायका मावत नाहीत असं सांगितलं. खरं कारण वेगळं होतं, ते पाटीलबाईंनाही नाही सांगितलं. वाणाला प्लास्टिकच्या गाळण्या लुटल्या, हलक्या म्हणून. सगळ्या मागे पलंगावर आणि खाली सतरंजीवर बसल्या. मग मीच म्हटलं, एक फेरी मारून आणा ना हो सगळ्यांना. बायकांसमोर हे नाही म्हणणार नाहीत हे मला ठाऊक.

गाडी निघाली. बायकांची गाणी. पहिल्याच गतिरोधकावर मागे खर्रर्र झालं, मडगार्ड टायरला घासलं. पाटीलबाई किंचाळल्या. मी पुढे यांच्याशेजारी बसले होते. वळणावर यांनी स्टेरिंग फिरवलं आणि चेहरा बदलला. असा चेहरा मी त्यांची आई गेली तेव्हा बघितला होता. गाडी अगदी हळू परत आणली.

सगळ्या गेल्यावर हे तिथेच बसून राहिले. "स्टेरिंग हातात येना नाय. पुढची चाकां जमीनच धरणत नाय." म्हटलं, आज बारा बायका होत्या, रोज एवढं नसणार. पण घाटात, उतारावर, थोडंसुद्धा पुरे. "व्हय," म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांना कुणी हातातून पटवलं नसेल, आज गाडीने पटवलं.

मग, "त्या दिवशी सतीश बोललो तेवा माका बोलूक व्हया होता. तुका ठेवन मी खय जातलंय?"

एवढंच. पण पेपर हातात नव्हता.

१९ जानेवारी
कडप्पा काढला. रडू आलं, खोटं कशाला लिहू. आता प्लायवूड, वर सनमायका, चौदा किलो. पाटीलबाईंनी कडप्पा मागितला, दिला, त्यांच्या बागेतल्या तुळशीपाशी ठेवलाय. यांनी जुन्या बसचे म्हणून जपलेले सुटे भाग काढले, तेहतीस किलो. किती दिवस हात लावू देत नव्हते. मी काही टोमणा मारला नाही. (मारायचा होता.)

मिस्त्रींनी टाकी हलवून ड्रायव्हरच्या मागच्या बाकाखाली आणली. ड्रम गेला. आणि टाकी आता अर्धीच भरायची, दीडशे लिटर. हे सगळ्यात कठीण. रस्त्यात पाणी मिळेल, लोक देतील, यावर विश्वास ठेवायचा म्हणजे बावीस वर्षांची सवय मोडायची.

२४ जानेवारी
काटा. काटेवाला, "चला, उतरा सगळे." हे उतरायला लागले. मी बसून राहिले.
"बाई, उतरा."
"नाही उतरणार. मला धरून वजन कर."
"असं नाय चालत. माणसं उतरूनच वजन होतं."
"मग तुझ्या काट्यावर आजवर एकाही गाडीचं खरं वजन झालेलं नाही. माणसं काय वाटेत फेकून देतात?"
मागे ट्रक थांबलेले, हॉर्न. ट्रकवाले ओरडतायत. मी पदर खोचून बसले. हे खाली उभे होते, एक पाय पायरीवर. मग परत चढले आणि शेजारी येऊन बसले. "दोगांका धरून कर रे," म्हणाले.

पु. १६९०, मा. ३३२०. एकूण ५०१०. तिन्ही आकडे आत! मागे एकशेऐंशी बाकी. काटेवाल्याने पावतीवर माणसे दोन असं लिहून दिलं, मीच लिहायला लावलं.

२५ जानेवारी
मेधा एकटी खाली आली, गाडीत. म्हणाली, "पाटीलकाकूंशी बोललेय. पिंकीला दिवसा त्या बघतील. तुम्ही जा आई." सतीशला माहीत आहे का विचारलं. "सांगेन," म्हणाली. यादी वाचत उभी राहिली बराच वेळ. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, मग काढलं.

२७ जानेवारी
उद्या पासिंग. गाडीचं रूप बदललंय म्हणून इन्स्पेक्टर तपासणार. मिस्त्री म्हणतात होईल, हे म्हणतात पोपटी रंग बघून हसतील. नापास झाली तर जे सांगतील ते बदलून पुन्हा नेईन.

सकाळी सतीश पहिल्यांदा गाडीत आला. पलंगावर बसून उसळी मारून बघितली, लहानपणी मारायचा तशी. यादी वाचली, पावती वाचली. मग म्हणाला, "आई, मागे एकशेऐंशी बाकी दिसतात. पिंकी तेरा किलोची आहे. पहिले पंधरा दिवस तिला नेशील?"

पिंकी खिडकीत, समुद्र बघतेय, माझ्या डोळ्यांपुढे सगळं. हो म्हणणारच होते. पण मग वाटलं, पाटीलबाईंचं याला कळलंय की नाही?

म्हटलं, "नात म्हणून देतोयस की तुझी सोय म्हणून? ते सांग, मग बघते."

तो वर गेला. दार आपटलं नाही, हळू लावलं. यादीत तिसरी ओळ खोडून कोरी ठेवलीय. पेन्सिलीची होती.