रविवारी मंजूर झालेले अनुदान

प्रति,
मा. कुलसचिव,
मुठातीर विद्यापीठ, पुणे.

अर्जदार : पूर्णिमा कचरू इंगोले, एम.ए. (समाजशास्त्र), द्वितीय वर्ष, राहणार वारजे, पुणे.

विषय : ‘श्राव्य मंडळ’ या विद्यार्थी मंडळास मागील तारखेने मंजूर केलेले अनुदान परत घेणे व ते मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी करणेबाबत.

संदर्भ : विद्यार्थी विकास कक्षाचे पत्र, दिनांक १४ जुलै २०२४ (अर्जदाराच्या हाती पडले दिनांक ९ डिसेंबर २०२५ रोजी).

मा. महोदय,

१. ‘मी’ असे लिहिले की भाषा घसरते, असा पहिल्या तीन मसुद्यांचा अनुभव आहे. म्हणून या अर्जात अर्जदार स्वतःचा उल्लेख ‘अर्जदार’ असाच करीत आहे. कृपया चालवून घ्यावे.

२. जून २०२४ मध्ये अर्जदार व तिची मैत्रीण अपूर्वा यांनी आणखी तीन विद्यार्थ्यांना घेऊन श्राव्य मंडळ सुरू केले. समाजशास्त्राची मराठी पुस्तके बहुतांशी फक्त छापील मिळतात. वर्गातील शंभू गवारे हे हिंगोली जिल्ह्यातून आलेले विद्यार्थी जन्मापासून दृष्टिहीन आहेत. त्यांना व त्यांच्यासारख्या आणखी दोघांना ऐकता यावे म्हणून पुस्तके मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायची, एवढेच मंडळाचे काम. त्यासाठी एक रेकॉर्डर, दोन माईक आणि दार बंद होईल अशी एक खोली हवी होती. विद्यापीठाच्या परिपत्रकानुसार विद्यार्थी मंडळांना अनुदान मिळते, हे वाचून अर्जदाराने विद्यार्थी विकास अधिकारी श्री. आमोद हर्षे यांच्याकडे रीतसर अर्ज केला.

३. पहिला अर्ज परत आला, कारण तो निळ्या शाईत नव्हता. दुसरा परत आला, कारण मंडळात पंचवीस सभासद नव्हते. पंचवीस सभासद गोळा करून (त्यांतील वीस जण आजवर फिरकलेले नाहीत) तिसरा अर्ज दिला, तो अकरा आठवडे साहेबांच्या टेबलावर राहिला. अखेर ऑक्टोबरात साहेबांनी भेटीस बोलावले. शंभू यांना सोबत नेले तर निकड लक्षात येईल, असे अर्जदारास वाटले. ही सूचना तिचीच होती, हे ती मान्य करते.

४. साहेबांनी फाईल चाळली आणि विचारले, “कार्यक्रमाचे फोटो कुठे आहेत?”

अर्जदार म्हणाली, “सर, आम्ही वाचतो आणि हे ऐकतात. फोटोत काय येणार?”

“मग तेच म्हणतोय ना मी,” साहेब म्हणाले. “जे दिसतच नाही, ते मंजूर कसं करायचं? काय हो गवारे, बरोबर की नाही?”

टेबलाभोवतीचे तिघे कर्मचारी हसले. शंभू हेही हसले. लोक हसतात तेव्हा आपणही हसावे, ही सवय त्यांना लहानपणापासून लागलेली आहे. अर्जदारास त्या तिघांच्या हसण्यापेक्षा शंभू यांचे हसणे अधिक लागले. बाहेर आल्यावर ते फक्त म्हणाले, “पूर्णिमा, बस किती वाजता आहे?”

५. तिसरा अर्जही नाकारला गेल्यावर मंडळाने मोबाईलवर, सायकल स्टँडच्या मागे बसून ध्वनिमुद्रण केले. एका प्रकरणात ‘कुटुंबसंस्थेचे विघटन’ या शीर्षकानंतर भंगारवाल्याची आरोळी स्पष्ट ऐकू येते. परीक्षेपूर्वी तिसऱ्या पेपरची दोन प्रकरणे राहून गेली आणि नेमक्या त्यांवरच दोन मोठे प्रश्न आले. शंभू चार गुणांनी नापास झाले. नियमानुसार त्यांची वसतिगृहातील जागा गेली. पुण्यात खोली घेऊन राहणे परवडण्यासारखे नव्हते. फेब्रुवारीत अर्जदार त्यांना स्वारगेटला गाडीत बसवून आली. वारजेला परत येताना तिने जे ठरवले, त्याला सूड हाच शब्द आहे. दुसरा सौम्य शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

६. परंतु आधी काम होते. पैशासाठी अर्जदार सर्वत्र फिरली. एका बँकेस माईकवर आपले नाव हवे होते. एका क्लासचालकांनी प्रत्येक प्रकरणापूर्वी त्यांच्या क्लासची जाहिरात वाचण्याची अट घातली. ती अर्जदाराने नाकारली, तेव्हा अपूर्वा तिच्यावर दोन दिवस रागावली होती. शेवटी अपूर्वानेच मार्ग काढला. तिच्या ओळखीचे श्री. तात्याराव हे कसबा पेठेत तांब्याची भांडी घडवतात. त्यांच्या कारखान्यावरची माडी रिकामी होती. अडचण एकच, की संपूर्ण आळीत दिवसभर ठोकाठोक चालते. तात्याराव म्हणाले, “आम्ही एक ते दोन जेवायला थांबतो. तुमच्यासाठी तीनपर्यंत थांबू. वाचा तुम्ही.” आळीतील अकरा कारागिरांनी रोजचा एक तास सोडला आणि रेकॉर्डरसाठी वर्गणीही काढली. पावती द्यायला गेल्यावर तात्यारावांच्या पत्नी सुंदराबाई म्हणाल्या, “पावती नको, त्या पोराला पास करा.” शंभू यांनी मे महिन्यात गावाहून येऊन तो पेपर पुन्हा दिला व एकसष्ट गुण मिळवले. वसतिगृहाची जागा मात्र परत मिळाली नाही. आता ते गावीच राहून अभ्यास करतात.

७. दिनांक ९ डिसेंबर २०२५ रोजी अर्जदारास संदर्भातील पत्र मिळाले. श्राव्य मंडळास १४ जुलै २०२४ रोजीच अनुदान मंजूर झाले असून मूल्यांकन समितीच्या आगामी भेटीत हा उपक्रम कक्षातर्फे सादर होईल, असे त्यात म्हटले आहे. दोन गोष्टी आपल्या निदर्शनास आणून देते. एक, समितीच्या भेटीचे परिपत्रक २८ नोव्हेंबर २०२५ चे आहे. ते सोळा महिने आधी कक्षास कसे कळले, याचा खुलासा नाही. दोन, १४ जुलै २०२४ रोजी रविवार होता. तीन वेळा कामाच्या दिवशी अर्ज नाकारणारे कार्यालय सुटीच्या दिवशी अनुदान मंजूर करते, ही कार्यतत्परता अर्जदारास ठाऊक नव्हती.

८. दिनांक १६ डिसेंबर रोजी दुपारी सव्वा वाजता श्री. हर्षे छायाचित्रकार व फलक घेऊन कसबा पेठेत आले. फलकावर ‘संकल्पना : श्री. आमोद हर्षे’ असे छापलेले होते. अपूर्वा त्या वेळी एक प्रकरण वाचत होती. साहेबांनी तिला उठवले, स्वतः खुर्चीवर बसले, हेडफोन लावला आणि माईक तोंडाजवळ ओढला. रेकॉर्डर चालू होता. अर्जदाराने तसे सांगितले नाही. ती विसरली असे लिहिता आले असते, परंतु ती विसरली नव्हती.

९. त्या ध्वनिमुद्रणात साहेब पुढील वाक्ये बोलतात : “तारीख जुलैची टाकलीय, कोण बघतंय?” “तो हिंगोलीचा मुलगा कुठाय? त्याला बोलावून घ्या हो, फोटोत काळा चष्मा पाहिजेच.” आणि अर्जदाराने शंभू येणार नाहीत असे सांगितल्यावर : “हे बघा, समितीसमोर नीट बोललात तर रक्कम दुप्पट करतो. नाहीतर तुमचा प्रबंध तपासायला माझ्या ओळखीच्यांकडेच जाणार आहे.” आवाज स्वच्छ आहे. विद्यापीठाच्या खर्चाने इतका स्वच्छ आला नसता.

१०. आता जे लिहायचे आहे ते अर्जदाराच्या बाजूचे नाही, तरीही लिहिते. मंडळाची बैठक झाली. पाचपैकी तिघांचे मत पडले, की दुप्पट रक्कम घ्यावी, ध्वनिमुद्रण पुसून टाकावे आणि त्या पैशांतून आणखी चार विषयांची पुस्तके वाचावीत. अपूर्वा म्हणाली, “तुला हर्षे संपवायचाय. आम्हाला मंडळ चालवायचंय.”  अर्जदाराने शंभू यांना फोन लावून ध्वनिमुद्रण ऐकवले व ते कुलसचिवांकडे पाठवणार असल्याचे सांगितले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, “नको पाठवू. त्या माणसाची नोकरी जाईल. मला पास व्हायचं होतं, झालो.” अर्जदार म्हणाली, “ते तुला हसले होते.” ते म्हणाले, “मला ना. मग मी सोडून देतो. तू कशाला धरून बसलीस?”

सबब, या अर्जास शंभू गवारे यांची संमती नाही, याची नोंद घ्यावी. त्यांच्या वतीने काहीही मागितलेले नाही. जे मागितले आहे ते अर्जदाराने स्वतःसाठी मागितले आहे.

११. विनंती अशी, की संदर्भातील मंजुरी रद्द करावी. समितीसाठीच्या अहवालातून श्राव्य मंडळाचे पान काढावे. आणि दिनांक २ फेब्रुवारी रोजी येणाऱ्या मूल्यांकन समितीसमोर सोबतचे ध्वनिमुद्रण श्री. हर्षे यांच्या उपस्थितीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकवावे. ते ऐकत असताना त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसण्याची परवानगी अर्जदारास मिळावी. ही मागणी कोणत्याही नियमात बसत नाही, याची तिला कल्पना आहे. आपण ध्वनिमुद्रण न ऐकवल्यास त्याची दुसरी प्रत समितीच्या अध्यक्षांकडे त्याच दिवशी पोचेल. ही धमकी समजावी.

१२. मंडळावर याची झळ येऊ नये म्हणून अर्जदाराने अध्यक्षपदाचा व सभासदत्वाचा राजीनामा दिला आहे. आज दुपारी तिने माडीची किल्ली अपूर्वाच्या हातात दिली. अपूर्वाने किल्ली घेतली, पर्समध्ये टाकली आणि जिना चढून गेली. थोड्या वेळाने वरून तिचा वाचण्याचा आवाज येऊ लागला. अर्जदार पायरीवर उभी राहून एक पानभर ऐकत होती. वर जावे, असे तिला फार वाटले. ती गेली नाही. तेथून ती थेट टायपिंगच्या दुकानात आली व हा अर्ज पूर्ण केला.

तो मागे घेतला जाणार नाही.

आपली,
नम्र राहण्याचा शक्य तितका प्रयत्न केलेली,

(सही)
पूर्णिमा कचरू इंगोले

पुणे, दिनांक १९ जानेवारी २०२६

सोबत :
१) नाकारलेले तीन अर्ज, शेऱ्यांसह
२) संदर्भातील पत्राची प्रत व जुलै २०२४ चे कॅलेंडर
३) ध्वनिमुद्रण, चार मिनिटे बारा सेकंद
४) राजीनाम्याची प्रत (पोच मिळालेली नाही)