गुलाबाची जर्सी

८ जानेवारी १८७७, सोमवार
आजपासून रोज पहाटे पाच मैल पळायचे. महिनाअखेर इंग्लंडची रग्बी टीम निवडतील. पाच वर्षांपूर्वी एकदा खेळलो आहे, तेव्हा माझे नाव धरलेलेच. बाहेर धुके. उद्यापासून.

११ जानेवारी
पळालो. गिरणीच्या वळणापर्यंत. परत येताना दूधवाल्याच्या गाडीत बसलो. पायांना विश्रांतीही हवीच. हेस्टर म्हणाली, अहो, पळायला गेला होता की दूध आणायला? बायकोला खेळातले कळत नाही.

१५ जानेवारी
क्लबात बातमी आली: यंदा वीस नव्हे, पंधराच गडी. रेटारेटी कमी, पळापळ जास्त. माझ्यासारख्या रेटणाऱ्यांचे चेहरे उतरले. माझा नाही. गर्दी कमी झाली की मी उठून दिसेन. पाच वर्षांपूर्वीच्या त्या सामन्यात सगळा वेळ घोळक्याच्या मधोमध रेटत होतो, चेंडू एकदाही दिसला नाही. आमचा कॅप्टन ब्रेथवेट म्हणाला, चेंडूला तरी तू कुठे दिसलास, जोसाया? गमत्या माणूस.

२० जानेवारी, शनिवार
क्लबात सराव. कातडी कमावणाऱ्या थ्वेटांचा एमॉस, वय बावीस, चेंडू घेऊन माझ्या अंगावरून गेला. मीच वाट दिली. गुडघा शेकतो आहे. दोष बुटांचा.

२४ जानेवारी
पेटीतून इंग्लंडची जर्सी काढली. छातीवरचा लाल गुलाब टवटवीत, कापड मात्र आटले आहे. हेस्टर म्हणाली, कापड नाही आटले, तुम्ही फुगलात. तरी तिने दोन्ही कुशींत पट्ट्या घातल्या.

२९ जानेवारी
सेक्रेटरींचे पत्र आले. न फोडताच हेस्टरला मटण आणायला पाठवले. मग वाचले. एमॉस निवडला गेला आहे. जर्सी ज्याची त्याने आणायची, आणि त्याला शिवून घ्यायला वेळ नाही. माझी द्याल का, असे विचारले आहे.
मटण चांगले होते. जेववले नाही.

३० जानेवारी
हेस्टरने पट्ट्या उसवल्या. एमॉस संध्याकाळी आला. काका, जपून वापरीन म्हणाला. काका! मी छत्तिसाचा. घोळक्यात पाय कसे रोवायचे ते त्याला समजावले. चहा निवेपर्यंत ऐकत होता बिचारा.

७ फेब्रुवारी
इंग्लंड जिंकले. जर्सी परत आली, गुलाबासकट चिखलाने माखलेली. माझ्या वेळी नुसती कोपरे मळली होती. हेस्टरने पाणी तापवले. धुऊ नको म्हटले. ती म्हणाली, मग पेटीत कशी ठेवू?
बैठकीच्या खोलीत टांगली. येणारेजाणारे बघतील. चिखल कोणाचा, ते कशाला सांगा.