तिसऱ्या राजाच्या जागी

१४ डिसें., रवि.
आजचा खेळ झकास रंगला. दिनेश पिंगुळीहून आला, बँकेतली सुजाताही. गोष्ट मी सांगायची, आपल्या पात्राने काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, जमलं की फसलं ते फासे सांगणार. सुजाताला शिंगवाल्या सैतानाला मारायची आयती संधी होती. तिने त्याला घरी जायला सांगितलं! माझ्या डोक्यातही नव्हतं. इतक्या वर्षांच्या प्रवचनांतून क्षमा जेवढी कळली नाही तेवढी... असो. फादरना सांगायला नको.

माय आतून ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, "घरात सैतानाचा नाव घेतास. तीन राजांच्या सणाक नाताळचो गोठो उतरतलो, तेव्हा तुझी ती खेळाची पेटी पण घराभायर." मी हो म्हटलं. या वयात तिच्याशी काय भांडू? पण पंधरा वर्षं जमवलेला संसार आहे तो.

१८ डिसें.
मायने नाताळच्या गोठ्यातले तिन्ही राजे रंगवायला दिले. तिला आता उजेड-सावली एवढंच दिसतं, पण रंग उडालाय हे बोटांना कळतं म्हणे. त्याच रंगात खेळातला माझा म्हातारा जादूगारही उरकला. दिनेशने लाकडात कोरून दिलेला. दाढी, झगा, हातात दिवा. उंचीला राजांएवढाच. चौघे खिडकीत वाळताहेत.

२० डिसें.
भाड्याच्या खोल्यांत मुंबईचे पाहुणे, सुरमई तळून हात भाजला. मायने एकटीने गोठा मांडला. "राजे घेतलंय. उरलेलो तुझ्या पेटयेत घातलंय." बघायला फुरसत कुठे? नाताळच्या फराळाच्या नेवऱ्या अजून तळायच्यात.

२८ डिसें., रवि.
दिनेश खेळायला आला. पेटी उघडली तर राक्षसांच्या गर्दीत तिसरा राजा! धावत गोठ्याकडे गेलो. दोन राजांच्या मागे माझा जादूगार, दिवा धरून. नाताळला अख्खी वाडी त्याच्यासमोर गुडघे टेकून गेली. दिनेश हसून लोळायचा बाकी होता. मग म्हणाला, "आवशीक सांग रे. तिका दिसणा नाय म्हणान फसवू नको."
देवळात न जाणारा हा माणूस माझी कानउघाडणी करतो. बरं झालं असा मित्र दिलास, देवा.
सांगितलं मात्र नाही.

२ जाने.
आमच्याकडे राजे एकदम पोचत नाहीत. संध्याकाळची प्रार्थना झाली की माय त्यांना एकेक बोट गोठ्यातल्या बाळाकडे सरकवते. आज तिचा हात म्हाताऱ्यावर असताना सगळं सांगून टाकलं. रागावेल वाटलं. तिने त्याला उचलून नीट चाचपलं.
"ह्यो कोण तर?"
म्हटलं, खाडीच्या तोंडावर रोज दिवा लावतो. त्याचा मुलगा होडी घेऊन गेला तो आला नाही. तरी हा सगळ्यांच्या होड्यांसाठी लावतो.
"मगे? झील इलो काय?"
"माहीत नाही. खेळ अजून तिथवर गेला नाही."
तिने त्याला परत राजांच्या रांगेत ठेवलं, एक बोट पुढे. मला रडू आलं. लपवायची गरज नव्हती, तरी तोंड फिरवलं.

६ जाने., मंगळ.
तीन राजांचा सण. गोठा उतरवला. मायने दोन राजे जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळले आणि हात पुढे केला. मी खरा तिसरा राजा दिला. म्हातारा तिच्या मांडीवरच राहिला.
शब्द दिला होता, म्हणून पेटी मीच दारात आणून ठेवली. पाच वाजता दिनेश न्यायला आला. मायने मांडीवरचा म्हातारा उचलून त्याच्यापुढे धरला.
"दिनेश, ह्या म्हाताऱ्याचो झील खंय आसा रे?"
त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माय, ते फासा टाकल्याशिवाय सांगता येत नाही."
"मगे दी हय."
पेटी दारातच उघडली. वीस बाजूंचा फासा तिच्या तळहातावर ठेवला. दिनेश पायरीवर बसलाय, मी हे लिहितोय. ती अजून फाशाचे कोपरे चाचपते आहे, टाकलेला नाही.