माफी कुणाची मागायची

सर, कॉलेजच्या ऑफिसात माफीनाम्याचा कागद मी फाडला, तिथंच सगळं पलटलं. पंधरा दिवस घरी बसायचं आणि संस्थेची शिस्त मोडली म्हणून सही करून परत यायचं, एवढीच शिक्षा होती. पण माझं डोकं तुम्हाला ठाऊक आहे. मी चुकलोच नाही म्हटलं आणि दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडून जिना उतरलो. वर्गातल्या एका पोराचा दात पाडला होता मी. वर्गातलीच एक पोरगी त्याच्याशी हसून बोलत होती म्हणून. ती जवळा बाजार गावची. तिच्यापायी मला अजून जेवण गोड लागत नाही, हे तुम्हाला सांगायला लाज वाटते.

तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली, तरी सकाळपासून तुमचीच शाळा डोक्यात फिरून राहिलीय. उशीर झाला की मैदानातले खडे वेचायचे. शिवी दिली की ज्याला दिली त्याच्याच शेजारी दिवसभर बसायचं. पण कुणी कुणाचं रक्त काढलं, की तुम्ही गाडी काढायचात. छडीला कुणी भीत नव्हतं, त्या गाडीला भ्यायचे. नववीत मी तांड्यावरच्या एका पोराचं डोकं कंपासपेटीनं फोडलं आणि तुमच्यापुढं हात जोडून उभा राहिलो. "मला काहून माफी मागून राहिलास? माझं डोकं फुटलं का?" म्हणालात आणि मला मागं बसवलंत. रस्ताभर मी तुमचा शर्ट धरून रडतोय. तांड्यावर त्याची आई मला खालून वर बघते. "ह्योच का? मला वाटलं पैलवान असंल." तुम्ही हसत नाही. काय केलं ते तिच्यासमोर माझ्याच तोंडून वदवून घेता, आणि 'आधी त्यानं चिडवलं' एवढं म्हणू देत नाही. मग ती आत जाऊन चहा ठेवते.

काल औंढ्याच्या बसस्टँडवर तो दात पाडलेला पोरगा भेटला. मीच आडवा गेलो, चुकलं म्हणालो. ती त्याला प्रॅक्टिकलची तारीख विचारत होती म्हणे, बस. "माझा दात बसंल रे," तो म्हणाला. "तिच्या बापानं तिचं कॉलेज बंद केलं, त्याचं काय करतो?" तिचं-माझं काहीतरी हाय म्हणून मारामारी झाली, असं जवळा बाजारभर झालंय.

सर, तिनं मला कधीच होकार दिला नव्हता. एकदा वही मागितली होती, तेवढंच. बाकीचं पोरांत मीच सांगत सुटलो होतो, फुशारकीनं. हे आता तिच्या बापाला सांगायचंय, त्याच्या कापडाच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. तो मारील, त्याचं काही नाही. पण एकदा ते खोटं होतं म्हटलं, की माझ्यापाशी तिचं काहीच उरत नाही.

हे तुम्हाला पोचणार नाही, वहीतच राहील. तीनदा उठलो आणि तीनदा बसलो. लिहायचं राहिलं म्हणून बसलो असं स्वतःला सांगतोय, खरं तर भ्यालोय. परीक्षेचे फॉर्म भरायला दोनच दिवस आहेत तिला. आई विचारतेय, उन्हाचं कुठं निघालास. येतो म्हटलं, चप्पल घातली. आता वही मिटून दार लावतो.