पवित्र शास्त्र, जीवशास्त्र आणि मी

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळ.
काल चर्चच्या अंगणात जे झालं त्याला मारामारी म्हणता येणार नाही. मारामारीला दोन्ही बाजूंची तयारी लागते. मेहुणा तयार नव्हता.

झालं ते असं. उपासनेनंतर चहा चालला होता. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, शाळेत जीवशास्त्र शिकवतो. माझी मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. दोघं एकत्र आले की दुसरा विषय नाही. मेहुणा म्हणत होता की माणूस आणि माकड यांचे पूर्वज एकच. मागे ऑर्गनवाला उभा होता. हा चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, अंगाने कपाटाएवढा, आणि देवाने सगळं सहा दिवसांत केलं म्हणजे केलं, एक मिनिट वर नाही, या मताचा. तो म्हणाला, मेहुण्याच्या घराण्याबद्दल त्याला आधीपासून शंका होतीच. मेहुण्याचं घराणं म्हणजे माझ्या बायकोचं घराणं. चहा उडाला. कप उडाला. मी समेट करायला मध्ये पडलो आणि माझं कोपर मेहुण्याच्या ओठावर बसलं. माझ्या मते ओठ कोपराच्या वाटेत आला. टाके पडले.

मुलगी म्हणाली, आता मी चर्चला येणार नाही. विज्ञान शिकून पोरांचा विश्वास उडतो, तो असा.

निश्चय: पवित्र शास्त्र आणि जीवशास्त्र यांचा समेट मी घडवून आणणार. महिनाअखेरपर्यंत. दोन्हीत ‘शास्त्र’ आहेच. निम्मं काम भाषेनेच करून ठेवलंय.
दुसरा निश्चय (बायकोचा): हात आवरायचा.

३ सप्टेंबर, बुधवार.
अभ्यास सुरू. मुलीचं जाडजूड पुस्तक साइटवर नेलं. माझा धंदा जुन्या इमारती पाडायचा. सध्या एक बंद पडलेलं थिएटर पाडतोय. बाल्कनी गेली, पडद्यामागची भिंत राहिलीय. पुस्तक उघडून बसलो आणि पहिला धडा संपायच्या आत मला सिद्धांत सुचला. देवाचा एक दिवस म्हणजे आपली कोट्यवधी वर्षं! सहा दिवस ते सहा दिवस, आणि वर माकडालाही भरपूर वेळ. हे आजवर कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही याचं नवल वाटतं. बाकीचं पुस्तक वाचायची गरज उरली नाही.

ब्रेकरवाल्याला तिथल्या तिथे समजावून सांगितलं. तो दगड फोडत होता. प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. पुरतं पटलं त्याला. नंतर लक्षात आलं, कानात बोळे होते आणि मान ब्रेकरमुळे हलत होती. तरी विरोध केला नाही हे महत्त्वाचं.

५ सप्टेंबर, शुक्रवार.
चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो. शांत माणूस. त्यांच्या खोलीत पुस्तकं फार, खुर्च्या कमी. सिद्धांत सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, छान, पण हे फार जुनं आहे, शिवाय त्याने सगळं जुळतही नाही. म्हणे, पहिल्या पानावर झाडं आहेत आणि सूर्य नंतर येतो, त्याचं काय करणार? म्हणे, ते पान म्हणजे कारखान्याचा रिपोर्ट नाही, ती उपासना आहे. म्हणे, मी स्वतः उत्क्रांती मानतो आणि रोज गुडघे टेकतो, मला काही अडचण वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी याच विषयावर प्रवचन दिलं होतं आणि मी पहिल्या रांगेत होतो.

पहिल्या रांगेत मी डोळे मिटून ऐकतो.

मी म्हणालो, तुम्हाला अडचण नसेल, पण चर्चच्या मंडळीला आहे, तिचं काय? आणि टेबलावर मूठ ठेवली. टेबलावरची काच गेली. ती आधीपासून जायला आली होती. मी याच धंद्यात आहे, मला कळतं. हाताला पट्टी.

पाळकसाहेबांनी विचारलं, तुमचं भांडण नक्की कोणाशी आहे? उगाच काहीतरी. मी समेट करतोय.

९ सप्टेंबर, मंगळवार.
एकट्यादुकट्याला समजावण्यात अर्थ नाही. दोन्ही पक्ष समोरासमोर हवेत. शनिवारी ऑर्गनवाला आणि मेहुणा, दोघांना घरी जेवायला बोलावलंय. बायको म्हणाली, ‘अहो, त्याचे टाके अजून निघायचेत.’ म्हणूनच तर सूप ठेवायला सांगितलं.

बसायची व्यवस्था: एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला हा, मध्ये मी. दोन कलत्या भिंतींमध्ये टेकू देतात तसा. मुलीलाही बसवायचं. तिने बघावं.

१४ सप्टेंबर, रविवार.
ऑर्गनवाला चावला.

नीट लिहितो, कारण गावभर वेगळंच पसरलंय. जेवण उत्तम चाललं होतं. सूप झालं. दोघंही हवेबद्दल बोलत होते. असंच चालू राहिलं असतं तर समेटाचा विषयच निघाला नसता, म्हणून मी काढला. भाजलेली कोंबडी समोर होती. पुस्तकात चित्र आहे की कोंबडीचा पंख आणि माणसाचा हात यांची हाडं एकाच धर्तीची. डोळ्यांना दिसलं की वाद मिटतो. मी पंख उपटला, ऑर्गनवाल्याचा हात धरून पंखाशेजारी टेबलावर सपाट दाबला आणि म्हटलं, बघा.

तो हात ओढायला लागला. मी धरून ठेवला, कारण मुद्दा अर्धवट होता. तेव्हा तो माझ्या मनगटाला चावला. मला कोणी माकडाचा वंशज म्हणायचं नाही असं ओरडत होता, म्हणजे चावण्याच्या आधी आणि नंतर. मेहुणा एकदम खुशीत येऊन मुलीला म्हणाला, ‘सुळा बघ, सुळा!’ त्यावर ऑर्गनवाल्याने त्याला सुपाचं पातेलं मारलं. टेबल मी उलटवलं हे खरं, पण दोघांमध्ये काही आडोसा हवा म्हणून. खुर्ची मी उचलली ती बाजूला ठेवायला. भिंतीच्या बाजूला. भिंतीचा पोपडा गेलाय, खुर्चीला पाय नाही, मेहुण्याचा ओठ पुन्हा उसवलाय, बायकोच्या पायावर सूप सांडून फोड आलाय.

दवाखान्यात मला इंजेक्शन दिलं. नर्सने विचारलं, कुत्रा कुठला? मी म्हटलं, चर्चचा.

१६ सप्टेंबर, मंगळवार.
मुलगी मामाकडे राहायला गेली. बॅग भरताना मी दारात उभा राहून तिला समजावलं की प्रयोग दिशेने योग्य होता. ती म्हणाली, ‘पप्पा, दारातून बाजूला व्हा.’ मी लगेच झालो नाही. तिने विचारलं, मलापण ढकलणार का?

हा प्रश्न मला आवडला नाही. मी कधीही तिच्यावर हात उगारलेला नाही. कधीही. बायकोला विचारलं तर ती भांडी विसळत राहिली.

घर शांत आहे. अभ्यासाला बरं.

१७ सप्टेंबर, बुधवार.
अभ्यास झाला नाही. थिएटरची भिंत आज हातानेच घेतली, घणाने. माणसं नको म्हणत होती, क्रेन उभी होती. जरा बरं वाटलं. नंतर वाटेनासं झालं.

१८ सप्टेंबर, गुरुवार.
देव दार उघडतो तेव्हा असं उघडतो. थिएटरच्या जिन्याच्या दगडात शिंपला सापडला! दगडात रुतलेला, रेघ न् रेघ शाबूत. जीवाश्म! जिथे गाव आहे तिथे एकेकाळी समुद्र होता. हा मंडळीसमोर ठेवला की ऑर्गनवाला गप्प, आणि त्यावर देवाची करणी अगाध असं म्हटलं की मेहुणा गप्प. मुलगी घरी.

अलगद काढायला गेलो. भुगा झाला. ब्रेकरवाला म्हणाला, छिन्नी घ्यायची होती. आता सांगतो.

पण हाच दगड मी कुठेतरी पाहिलाय.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.
आठवलं! चर्चच्या दारातली पायरी. तोच दगड, उजव्या टोकाला तसाच शिंपला. इतकी वर्षं आम्ही सगळे त्यावर पाय देऊन आत जातोय.

उद्या दुपारी पायरी काढतो, रविवारी सगळ्यांसमोर ठेवतो, सोमवारी परत बसवतो. मेहुण्याला शिंपला ओळखायला बोलावलंय. ओठामुळे फोनवर नीट बोलता येत नव्हतं, पण तो हो म्हणाला. शिंपला म्हटलं की त्याला राहवत नाही. पाळकसाहेबांना विचारलेलं नाही. सरप्राइज. पायरीच्या टोकावर पोर्चचा एक खांब आहे, पण तो शोभेचा आहे. मी याच धंद्यात आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार. हॉस्पिटल. डाव्या हाताने.
खांब शोभेचा नव्हता.

उजवा हात मोडला. जबडा मोडला, तारेने बांधलाय. बोलता येत नाही. नळीने पातळ गिळतो. लिहून ठेवतो, नाहीतर लोक काहीही सांगतील.

पायरी जवळजवळ सुटली होती. आत ऑर्गनवाला रविवारची तयारी करत होता. आवाज ऐकून बाहेर आला, देवाच्या घराला हात लावतोस म्हणून घणाचा दांडा धरला. मी त्याच्या पोटात गुद्दा मारला. फक्त दांडा सुटावा म्हणून. मेहुणा मागून ओरडत होता, ‘भाऊजी, खांब! खांब बघा!’ मला वाटलं, हाही उलटला. फार राग आला. दोघांवर, पायरीवर, शिंपल्यावर, कोणावर ते सांगता येत नाही. सगळा जोर लावून घण हाणला. खांब सरकला आणि पोर्च माझ्यावर आला.

अंधार. तोंडात चुना आणि रक्त. ओरडता येईना. मी पाडलेल्या इमारतींखाली कसं वाटत असेल, असा विचार आला, आणि लगेच, इमारतींना काही वाटत नसतं, असा दुसरा.

मग उजेड आला. ऑर्गनवाल्याने तुळई खांद्यावर घेतली होती. चेहरा लालबुंद. मेहुणा पोटावर सरपटत आत आला आणि मला काखेत धरून ओढलं. त्याच्या ओठातलं रक्त माझ्या कपाळावर ठिबकत होतं. तो ओरडला, ‘धरून ठेवा, सोडू नका!’ ऑर्गनवाला म्हणाला, ‘तू ओढ रे, मी आहे.’ मी बाहेर आलो आणि तुळई सुटली. ऑर्गनवाल्याच्या उजव्या हाताची बोटं खाली सापडली. चिरडली.

दोघं अँब्युलन्समध्ये माझ्या दोन बाजूंना बसले होते. माझ्यावरून एकमेकांशी बोलत होते. मेहुणा त्याचा हात वर धरून बसला होता, सूज चढू नये म्हणून. म्हणजे एकत्र आणलं ते मीच. याची नोंद असावी.

२७ सप्टेंबर, शनिवार.
चर्च कमिटीचे लोक येऊन निरोप देऊन गेले. पोर्च पुन्हा उभा राहीपर्यंत मी चर्चच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. ठराव ऑर्गनवाल्याने मांडला, अनुमोदन मेहुण्याने दिलं, एकमताने मंजूर. आमच्या कमिटीत आजवर पडद्याच्या रंगावरसुद्धा एकमत झालेलं नाही. महिनाअखेरच्या आत झालं.

मी पाटीवर लिहिलं: दोघांचं उत्क्रांतीवर एकमत झालं का? पाटी वाचून ते म्हणाले, छे. ऑर्गनवाला अजून सहा दिवसांवरच आहे. रोज संध्याकाळी मेहुण्याकडे जाऊन त्यावर वाद घालतो. मेहुणा त्याच्या चहाचा कप धरतो, कारण त्याला धरता येत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार.
आज मुलगी चर्चला गेली. बायकोने सांगितलं तेव्हा मी उठून बसलो. सिद्धांतामुळे नाही. ऑर्गन वाजवायला कोणी नव्हतं. लहानपणी ती त्याच्याकडेच शिकली होती. त्याने स्वतः जाऊन विचारलं. ती वाजवत होती आणि तो शेजारी बसून डाव्या हाताने पानं उलटत होता.

दुपारी ती इथे आली. मी पाटी घेतली. पवित्र शास्त्र आणि जीवशास्त्र यांचा, एवढं लिहिलं तोवर तिने पाटी काढून घेतली आणि कॉटखाली ठेवली.

म्हणाली, ‘माझ्या मनात त्या दोन शास्त्रांचं भांडण कधीच नव्हतं, पप्पा. मी येत नव्हते ते तुमच्यामुळे. तुमच्या शेजारी बाकावर बसायची मला भीती वाटते.’

मला बरंच काही म्हणायचं होतं. तार.

मग ती बोलत राहिली. मी गप्प आहे म्हटल्यावर आधी जरा अडखळली, खिडकीकडे बघत बोलली, मग खुर्ची जवळ ओढली. म्हणाली, तुमचा एक्स-रे बघितला. म्हणाली, आपल्या कानाच्या आत इवलीशी हाडं असतात, त्यांच्यावाचून ऐकू येत नाही. फार फार पूर्वीच्या प्राण्यांत त्यातली दोन जबड्यात होती. चावायच्या कामाची. ती सरकत, बारीक होत कानात आली. किती काळ लागला असेल, किती जीव जगले आणि मेले असतील. ‘पहिल्या वर्षी हॉस्टेलला होते तेव्हा हे वाचलं, आणि तिथल्या जिन्यात बसून प्रार्थना केली होती,’ म्हणाली. ‘चावणाऱ्या हाडाला ऐकायला लावणारा देव. त्याला घाई नाही. मला असाच देव हवा होता. तुम्हाला सांगायला आले होते त्या सुट्टीत. तुम्ही फोनवर कोणाला तरी शिव्या देत होतात.’

संध्याकाळ होईपर्यंत बोलली. आईसारखे हात करते बोलताना. मला माहीत नव्हतं. जाताना माझ्या कपाळाला हात लावून गेली.

तिच्या बोलण्यात दोन ठिकाणी जरा गफलत होती. तार सुटली की सांगेन.

५ ऑक्टोबर, रविवार.
ती आजही आली. चर्चमधून थेट. कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लाबद्दल बोलली, नंतर एका मुलाबद्दल. मुलाबद्दल मला स्पष्ट हरकत आहे. तार.

डॉक्टर राउंडला आले. जबडा बघितला, खूश झाले. म्हणाले, सुंदर जुळतंय, पुढच्या आठवड्यात तार काढून टाकू, मग हवं तेवढं बोला.

बायको म्हणाली, ‘डॉक्टर, अजून थोडे दिवस ठेवता येईल का?’

डॉक्टर मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, गंमत चाललीय. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट बघत होती.